अकरा फुलं आणि एक अर्धं

पहिल्या भोपळ्यावर अकरा फुलं बसली आणि बारावं अर्धंच राहिलं. पेन्सिलीनं काढलेलं असतं तर खोडरबर हाताशी होतं. पण पहिली चार फुलं पेन्सिलीनं काढल्यावर मला वाटलं, हात बसला. मग पुढची सगळी थेट तापलेल्या टोकानं डागत गेलो. डागलेलं काही खोडता येत नाही. भोपळा फिरवत फिरवत पहिल्या फुलापाशी परत आलो तेव्हा मध्ये जेमतेम दीड बोट जागा उरली होती.

हे दुसऱ्या कुणाचं झालं असतं तर मी हसलो असतो. पण मी चौतीस वर्षं चादरीची डिझाइनं काढली आहेत. इथल्याच, सोलापूरच्या यंत्रमाग कारखान्यांसाठी, ग्राफ पेपरवर. एक बारका चौकोन म्हणजे एक उभा आणि एक आडवा धागा जिथं एकमेकांना ओलांडतात ती जागा. चौकोन रंगवला की पुठ्ठ्याच्या कार्डात तिथं भोक पडतं. भोक आलं की जेकार्डचा, म्हणजे मागावरच्या नक्षी विणणाऱ्या यंत्राचा, हुक धागा वर उचलतो, नाही आलं की धागा खालीच राहतो. सगळा खेळ एवढाच. आणि या खेळाचा पहिला नियम असा, की नक्षीचा डावा काठ उजव्या काठाला जाऊन मिळालाच पाहिजे, कारण तीच नक्षी पन्हाभर, म्हणजे कापडाच्या रुंदीभर, पुन्हापुन्हा येणार असते. एकदा माझ्या हातून चार चौकोन जास्त रंगवले गेले आणि त्या अख्ख्या लॉटमधल्या मोरांच्या पायाला एकेक बोट जास्त आलं. मालक दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. त्यातली एक चादर आमच्या घरी अजून आहे. बायको ती पाहुण्यांना देत नाही.

तर असा माणूस, आणि भोपळ्यावर अर्धं फूल.

मध्यंतरी कॉम्प्युटर आले, ग्राफ स्क्रीनवर गेला, मी काही वर्षं माउसनं तेच चौकोन भरले आणि तीन वर्षांपूर्वी घरी बसलो. हात रिकामे राहिले की मी घरात सूचना द्यायला लागतो, असं बायकोचं म्हणणं. भोपळे तिच्याच माहेराहून आले, त्यामुळे पुढच्या सगळ्या धुराला तीही थोडी जबाबदार आहे.

मंगळवेढा, पंढरपूर, मोहोळ या पट्ट्यात भीमेच्या काठाकाठानं कडू भोपळा लावतात, हे सोलापूर शहरातसुद्धा बऱ्याच जणांना माहीत नसतं. खायचा नव्हे, वाजवायचा. मिरजेला सतारी आणि तानपुरे बनतात, त्यांचं ते गोल पोट आमच्या जिल्ह्यातल्या रानात वाढलेलं असतं. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा मेहुण्याचा फोन आला, "दाजी, नाव मिरजेचं झालं, पण भोपळा आपलाच बरं का." त्याच्या रानात वर्षाआड थोड्या गुंठ्यांत हा वेल असतोच.

वाद्यवाल्यांची नजर कडक. घेर हवा, कवच जाड हवं, पोट चारी अंगांनी सारखं हवं, कुठं चीर नको. त्यामुळे दर खेपेला काही भोपळे बाद होतात. कुणी एका अंगाला बसका, कुणाच्या मानेपाशी खळी, कुणी नुसताच लहान. हे बाद भोपळे पूर्वी पोरांच्या पोहण्याला जायचे. मी स्वतः आजोळच्या विहिरीत पाठीला भोपळा बांधूनच पोहायला शिकलो. मामानं वरून ढकललं होतं, पण भोपळ्यानं बुडू दिलं नाही. भीमेत मासे धरणारे भोपळ्यांची सांगड बांधून तिच्यावर पालथे पडायचे. आता पोरं रबरी ट्यूब घेऊन उतरतात आणि बाद भोपळे गोठ्याच्या माळ्यावर पडून राहतात. गेल्या वर्षीच्या संक्रांतीला सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा बघायला मेहुणा आला तेव्हा पोत्यात सहा घालून आणले. "दाजी, तुम्ही कायतरी कराल म्हणून आणलेत." पोतं त्यानं जिन्याखाली ठेवलं आणि तो हुग्गी खायला बसला.

ज्यांना असा मेहुणा नाही त्यांनी घरच्या मांडवावरचा एखादा दुधी वेलावरच राहू द्यावा. दुधी आणि हा कडू भोपळा एकाच जातीचे. दुधी कोवळा असताना आपण तोडतो म्हणून त्याचं कवच आपल्याला दिसत नाही. वेल वाळेपर्यंत ठेवला तर तोही टणक होतो. कवच पातळ असतं, पण हात बसवायला चालतं. लाल भोपळा मात्र नाही, तो वाळायच्या आधी सडतो. आणि कडू भोपळ्याचा गर, बिया चाखून बघायच्या फंदात पडू नका. कडू निघालेल्या दुधीचा रस पिऊन माणसं दगावली आहेत.

सहापैकी तीन वाळलेले होते आणि तीन नव्हते. हे मला ओळखता आलं नाही. मी हौसेनं त्यातला सगळ्यात देखणा उचलला, तापलेलं टोक टेकवलं आणि भजं तेलात सोडल्यावर येतो तसा चर्र आवाज आला. रेघ उमटलीच नाही, नुसता ओला तपकिरी डाग पडला. मी आणखी दाबलं. टोक आत गेलं. मग तो भोपळा मी पोटमाळ्यावर ठेवून दिला, म्हटलं वाळेल तिथं. आठवड्यानं घरात असा वास सुटला की बायकोनं आधी उंदीर शोधला, मग गॅस सिलिंडरची नळी तपासली, मग माझ्याकडे बघितलं. भोक पडलेल्या ओल्या भोपळ्याला आतून कीड आणि कूज लागायला वेळ लागत नाही. पोटमाळ्याच्या फळीवर तो डाग अजून आहे.

म्हणून वाळवणं नीट सांगतो. देठ तोडायचा नाही, भोक पाडायचं नाही, साल काढायची नाही. सावलीत, वारा लागेल अशा जागी, एकमेकांना न टेकवता ठेवायचे आणि आठवड्याला एकदा कूस बदलायची. लहान भोपळ्याला तीन-चार महिने लागतात, मोठ्याला वर्षसुद्धा. मधल्या काळात अंगावर काळी-पांढरी बुरशी धरते, ती बघून घाबरायचं नाही. शेजारच्या अक्का गच्चीवर पापड वाळवायला आल्या तेव्हा माझे भोपळे बघून म्हणाल्या, "अय्यो, हे काय, सगळं नासलं की!" नासलेलं नव्हतं. पाणी कवचातून बाहेर येतं तेव्हा बुरशी वरच्या पापुद्र्यावर जगते. कवच टणक असेपर्यंत चिंता नाही. अंगठा दाबून मऊ लागला तर मात्र तो गेला, सरळ खताच्या खड्ड्यात टाकावा. वाळलेला भोपळा उचलला की ओळखू येतो. डोळ्यांना वजन दिसतं आणि हाताला लागतच नाही. हलवला की बिया खुळखुळ वाजतात. आमच्या मे महिन्याला लोक शिव्या देतात, पण बेचाळीस-त्रेचाळीसच्या कोरड्या उन्हाळ्यात गच्चीच्या पत्र्याखाली माझे उरलेले दोन भोपळे खडखडीत वाळले. एवढा एक उपयोग मान्य करायला हरकत नाही.

धुणं ही गमतीची गोष्ट. बादलीत बुडवायला गेलात तर तो वर येतो. पुन्हा दाबलात, पुन्हा वर येतो. मला विहीर आठवली. शेवटी गोणपाट कोमट पाण्यात भिजवून भोपळ्याला गुंडाळलं आणि अर्धा-पाऊण तास ठेवलं. मग भांड्याच्या तारेच्या घासणीनं घासायचं. बुरशीसकट वरचा मेणचट पापुद्रा निघतो आणि खालून पिवळसर, भाजलेल्या शेंगदाण्याच्या रंगाचं गुळगुळीत कवच येतं. बुरशीच्या डागांची पुसट नक्षी राहते, ती मला आवडते. पण पापुद्रा कुठं चिकटून राहिला असेल तर नखानं खरवडून काढा, कारण डागताना तिथं टोक चिकटतं आणि रेघ अडखळते. घासताना नाकाला रुमाल. ओलं असताना धूळ उडत नाही, वाळल्यावर उडते आणि ती बुरशीचीच असते.

आता टोकाकडे येतो.

पायरोग्राफी हा शब्द पुण्याहून मुलीनं फोनवर सांगितला. आमच्या तोंडी डागणं हाच शब्द, बैलाला डागायचे तेच. सुरुवात मी एका जुन्या मित्राच्या सोल्डरिंग आयर्ननं, म्हणजे तारा झाळायच्या तापत्या दांड्यानं केली. त्याचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, ते बंद झाल्यावर सामान घरी पडून होतं. ही चूक तुम्ही करू नका. जुन्या टोकावर वर्षानुवर्षांचं सोल्डर असतं आणि जुन्या सोल्डरमध्ये शिसं. ते भोपळ्यावर पुसलं जातं आणि आपल्या हाताला लागतं. टोक नवीन घ्या. मी नवी पेठेतून पंचवीस वॅटचा नवा आयर्न आणला आणि सोबत दोन जास्तीची बिटं, म्हणजे आयर्नमध्ये बसवायच्या तापणाऱ्या कांड्या. बिटाचं टोक कानशीनं बोरूसारखं तिरपं घासलं. शाळेत बोरू कापलेल्यांना हे सांगायला नको. तिरप्या टोकाची धार टेकवली की बारीक रेघ, पाठ टेकवली की जाड रेघ. कानशीनं वरचा मुलामा जातो आणि आतलं तांबं उघडं पडतं. त्यावर काजळी आणि काळी खपली धरते, ती मधूनमधून पॉलिश पेपरवर पुसावी लागते. बीट झिजतं, दुसरं घालायचं.

पंचवीस वॅटच्या साध्या आयर्नला उष्णता कमी-जास्त करायची सोय नसते. प्लग लावला की तो तापतच राहतो. आमच्या भागात संध्याकाळी व्होल्टेज एक आणि रात्री दुसरं, त्यामुळे सकाळची तपकिरी रेघ रात्री काळी यायची. त्याच रेडिओवाल्या मित्रानं एका लाकडी बोर्डावर बल्बचा डिमर आणि सॉकेट बसवून दिलं. आता बटण फिरवून मी टोक थंड-गरम करतो. हे काम ज्याला विजेचं कळतं त्याच्याकडूनच करून घ्या. पुढं दिवाळीत मुलीनं खऱ्या मशीनचा पेन पाठवला. त्यात टोक म्हणजे निक्रोमच्या तारेचा वळवलेला तुकडाच असतो. वीज त्या तारेतूनच जाते म्हणून तीच तापते, आणि क्षणात तापते, क्षणात निवते. बारीक कामाला तो छान आहे. पण हिशेब विचाराल तर सुरुवातीला तो घेऊ नका. आयर्नवर हात बसला तरच पेनची किंमत कळते.

त्या ओल्या भोपळ्याच्या धड्यानंतर पंधरा दिवस मी चांगल्या भोपळ्याला हात लावला नाही. बाद झालेल्यातलाच एक फोडला आणि त्याच्या खापऱ्यांवर रेघा ओढत बसलो. नुसत्या रेघा. लाकडाला शिरा असतात, टोक शिरेवर आलं की उसळतं. भोपळ्याला शिरा नाहीत, टोक कुठल्याही दिशेला सारखं जातं. पण त्याच्या कातडीची जात सगळीकडे एक नसते. जी बाजू रानात जमिनीला टेकून पडलेली होती ती फिकट आणि जरा मऊ असते, तिथं रेघ पटकन काळी होते. देठाजवळ कवच कडक, तिथं हात सावकाश न्यावा लागतो. हे डोळ्यांना दिसत नाही, हाताला कळतं, आणि त्यासाठी खापऱ्या फुकट घालवाव्या लागतात.

माझ्या हाताची सगळ्यात वाईट खोड अशी निघाली, की मी रेघ सुरू करायच्या आधी टोक टेकवून थांबायचो. ग्राफवर असंच करतात. पेन्सील चौकोनात ठेवायची, मग भरायचा. इथं टोक टेकवून थांबलं की तिथं काळा टिपका पडतो. माझी प्रत्येक रेघ टिपक्यानं सुरू व्हायची आणि टिपक्यानं संपायची, जशी काय मुंग्यांची रांग. सुधारायला महिना लागला. आता हात हवेतच चालू करतो, चालता चालता टोक कवचाला लागतं, आणि रेघ संपायच्या आधी हात न थांबवता टोक उचलतो. दाबायचं नाही, हे तर दिवसातून दहा वेळा स्वतःला सांगायचं. काळं हवं असेल तर हात सावकाश, फिकं हवं असेल तर हात जलद. सावलीसाठी टोकाची पाठ कवचावरून हलकेच फिरवत राहायची, भाकरी तव्यावर फिरवतो तशी. वासही तसाच येतो. पहिल्या दिवशी बायको स्वयंपाकघरातून ओरडली होती, "भाकरी करपली का काय?" भाकरी तिनं अजून थापलीही नव्हती.

भोपळा हातात धरून दुसऱ्या हातानं डागायला गेलात तर तो फिरतो आणि बोट भाजतं. त्याला खाली बसायला चुंबळ हवी. बायकोची जुनी साडी पिळून गोल केली, तिच्यावर भोपळा घागरीसारखा बसतो आणि हवा तसा वळवता येतो. मी खिडकीत बसतो आणि टेबलावरचा लहान पंखा धूर बाहेर ढकलेल असा लावतो. पंखा टोकावर आला तर टोक निवतं, म्हणून तो बाजूनं. मास्क लावतो. धूर थोडाच दिसतो, पण तासभर घेतला की घसा सांगतो.

आणि आता ते अर्धं फूल.

मी काय केलं होतं, तर टेपनं भोपळ्याच्या पोटाचा घेर मोजला. २७ इंच. फूल सव्वादोन इंचांचं धरलं, बारा फुलं चोख बसली. कागदावर. पण फुलांचा पट्टा पोटावर छान दिसेना म्हणून तो दोन बोटं वर सरकवला, आणि तिथं घेर सव्वीसलाही कमी होता. चादरीचा पन्हा वर-खाली सगळीकडे सारखाच असतो. चौतीस वर्षांत मला कधी असा पन्हा भेटला नव्हता जो दोन बोटं वर गेल्यावर एक इंच आखडतो.

टेप मी ठेवून दिली. आता सुताचा दोरा घेतो. जिथं पट्टा यायचा आहे त्याच जागी दोरा फिरवायचा, टोकाला टोक भिडेल तिथं कापायचा. मग भोपळा बाजूला ठेवून दोऱ्याची घडी घालायची. अर्ध्याचं अर्धं, त्याचं अर्धं, झाले आठ भाग. बारा हवेत तर आधी तीन पदर, मग दोनदा दुमड. घडीच्या प्रत्येक वळणावर बॉलपेनची खूण करायची आणि दोरा परत भोपळ्यावर बांधून त्या खुणा पेन्सिलीनं कवचावर उतरवायच्या. भोपळा वाकडा असो, बसका असो, भाग सारखे पडतात. इंच-सेंटिमीटर लागतच नाहीत. आडवी रेघ सरळ हवी असेल तर पेन्सील वह्यांच्या थप्पीवर आडवी धरून ठेवायची आणि भोपळा चुंबळीवर फिरवायचा. उभ्या रेघांसाठी देठापासून खालच्या बेंबीपर्यंत दोरा ताणून धरायचा. या उभ्या रेघा मध्ये पोटावर एकमेकींपासून लांब जातात आणि देठाकडे पुन्हा जवळ येतात, त्यामुळे प्रत्येक ओळीतला चौकोन वेगळ्या मापाचा होतो. खाली फूल रुंद, वर तेच फूल अरुंद. मला हे पहिले काही दिवस फार खटकलं. मी खालचं फूल वर तसंच बसवायला जायचो आणि शेजारच्याच्या अंगावर पाय द्यायचो.

मोराची गंमत याच घोळातून झाली. चादरीवरचा माझा मोर पायऱ्या-पायऱ्यांचा असतो, कारण ग्राफवर वळण म्हणजे पायऱ्याच. तोच मोर मी भोपळ्यावर उतरवला, पायऱ्यांसकट. मान गोलाईवरून वर जाताना आखडली, पिसारा पोटावर फुगला. बायकोनं चष्मा लावून नीट बघितलं आणि विचारलं, "अहो, ही कोंबडी अंड्यावर बसलीय का?" त्यानंतर मी ग्राफ पेपर घराबाहेर ठेवला. म्हणजे कपाटावर.

मुलीनं मधे दोन व्हिडिओ पाठवले. एकात छत्तीसगडातल्या बस्तरचे कारागीर तुंब्यावर नक्षी डागत होते. चुलीत लोखंडी पाती तापवायची, एक निवली की दुसरी घ्यायची. डिमर नाही, वॅट नाही. दुसरा पेरू देशातला, तिथल्या वांकायो शहराजवळच्या खेड्यांतला. तिथले लोक भोपळ्यावर आधी कोरतात आणि मग जळत्या काटकीला फुंकर घालत घालत ती टेकवून सावली देतात. त्यांच्या भोपळ्यांवर एकच फूल परत परत नव्हतं. लग्न होतं, बाजार होता, नांगर होता, एक बाई कुत्र्याला हाकलत होती, आणि हे सगळं भोपळ्याभोवती फिरत होतं. मी तो व्हिडिओ तीनदा बघितला. जोड कुठं आहे ते शोधत होतो. सापडला नाही, कारण रिपीटच नव्हता.

रंगाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. मी रंग देत नाही. सगळं डागून झालं की मऊ ब्रशनं काजळी झटकतो आणि तपकिरी बूटपॉलिशचा हलका हात फिरवून सुती कापडानं चमकवतो. त्यात मेण असतं. कुणी वॉर्निश लावतं, त्यानं भोपळा प्लॅस्टिकसारखा दिसायला लागतो असं माझं मत. कापायचा असेल तर हॅक्सॉ ब्लेडनं कापता येतो, पण आतल्या वाळक्या गराची धूळ घशाला फार वाईट. नव्या माणसानं सहा महिने कापण्याच्या वाटेला जाऊ नये. अर्ध्या फुलाचा भोपळा मात्र मी कापला, वरचं टोपण काढलं. गच्चीवर दोरीला टांगलेला असतो आणि त्यात कपड्यांचे चिमटे राहतात. अर्धं फूल भिंतीकडे फिरवून ठेवलंय. अक्का दर वेळी ते आपल्याकडे फिरवतात.

या वर्षीच्या गड्ड्यानंतर मी नंदीध्वज काढायला घेतले. सिद्धेश्वराच्या यात्रेत नंदीध्वजांच्या सात काठ्या निघतात. पांढऱ्या बाराबंदीतले लोक कमरेच्या पट्ट्यात काठी पेलतात, वरची झुंबरं हलतात, भोवती माणसांचा पूर. लहानपणापासून बघतोय, पण एकदाही चादरीवर काढली नाही. मिरवणुकीचा रिपीट कसा करणार? भोपळा उभा आणि उंच होता, मान लांब, वाद्यवाल्यांनी पोट एका बाजूनं बसकं म्हणून टाकलेला. दोरा घेतला, घडी घालायला गेलो आणि थांबलो. दोऱ्याच्या घडीनं सात भाग सरळ पडत नाहीत. बसलो होतो तसाच थोडा वेळ. मग दोरा बाजूला ठेवला आणि पेन्सिलीनं पहिली काठी काढली, अंदाजानं. तिच्यामागं दुसरी, जरा तिरपी, कारण दमलेला माणूस काठी तिरपीच पेलतो. मध्ये कुठं जागा मोठी पडली, कुठं काठ्या जवळ आल्या. प्रत्यक्षातही त्या काही मोजून चालत नाहीत.

डागायला अकरा दिवस लागले. माणसांच्या डोक्यांची गर्दी मी टिपक्यांनी केली. टोक टेकवून थांबायची ती जुनी खोड तिथं कामाला आली. बाराबंदी पांढरी म्हणून ती तशीच कोरी सोडली आणि भोवतीनं सावली दिली. सातवी काठी झाली तेव्हा भोपळा फिरवून बघितला. सातवी आणि पहिली यांच्यामध्ये तीन बोटं जागा मोकळी होती.

मी ती जागा बघत बसलोय हे बायकोनं ताडलं. ती लसूण सोलत होती. ताट बाजूला ठेवून आली, चुंबळीवरचा भोपळा अलगद फिरवला, एक पूर्ण फेरा बघितला आणि त्या जागेवर बोट ठेवलं.

"इथं मागं राहिलेलं एक पोर काढा. फुग्यासाठी रडणारं. आपली नव्हती का रडली, जत्रेत होम मैदानावर?"

काढलं. फुगा जरा मोठा झालाय.